पेपर पाठवण्याआधी एवढं वाचा: संशोधनातून स्टार्टअप आणि सरकारी पैसा

विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात माझी बरीच वर्षं गेली. समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक संशोधकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्या कामाला सरकारकडून किती मिळतील?" मी उलट विचारतो, "मिळाले तर पहिल्या महिन्यात काय कराल?" यावर "एक उपकरण घेऊ, दोन माणसं ठेवू" असं उत्तर येतं. हे उत्तर संशोधन प्रकल्पाचं झालं. त्यावर स्टार्टअपची योजना मिळत नाही, आणि चुकून मिळाली तर पुढे निस्तरत बसावं लागतं.

योजनांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही. देशोदेशी ती वेगळी असतात आणि दर काही वर्षांनी बदलतात. त्यामागचं गणित मात्र सगळीकडे सारखंच. प्रत्येक योजना एक ठरावीक शंका फेडण्यासाठी पैसे देते. हे कुणाला हवंय का? प्रयोगशाळेबाहेर चालतं का? परवडेल अशा खर्चात बनतं का? तुमची सध्याची सगळ्यात मोठी शंका कोणती, हे कळलं की कुठली दारं ठोठवायची ते आपोआप ठरतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. क्रम मोडता येतो, पण पहिल्या पायरीचा मोडू नका.

पायरी १: पेपर आठवडाभर थांबवा

एका सोमवारी पीएचडीची एक विद्यार्थिनी आली. काम सुरेख होतं. लघवीसाठी घालतात त्या कॅथेटरच्या नळीवर जंतूंचा थर बसू नये म्हणून तिने एक लेप तयार केला होता. फॉर्म भरता भरता ती सहज म्हणाली, "शुक्रवारी परिषदेत पोस्टर लावलं होतं, लोकांनी फोटोही काढले." पोस्टरवर लेपाचे घटक, त्यांचं प्रमाण, सगळं छापलेलं. त्या लेपाचं युरोपातलं पेटंट शुक्रवारीच हातचं गेलं होतं.

युरोपात अर्जाआधी शोध जगजाहीर झाला की नावीन्य संपलं, मग तो जाहीर करणारे तुम्ही स्वतः का असेना. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकाशनानंतर एक वर्षाची मुभा असते. भारतात काही प्रदर्शनं आणि विद्वत्सभांपुढचं वाचन यांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. तिच्यावर भिस्त ठेवून कुणी पोस्टर लावू नये. जाहीर होणं म्हणजे फक्त छापील पेपर नव्हे. प्रीप्रिंट (छापण्याआधी इंटरनेटवर टाकलेला पेपर), ग्रंथालयात गेलेला प्रबंध, सगळ्यांना खुला असलेला व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा), कौतुकाने टाकलेली लिंक्डइनवरची पोस्ट, हे सगळं त्यातच आलं.

उपाय सोपा आहे. पेपर पाठवण्याआधी आपल्या संस्थेच्या टीटीओत (तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात) किंवा आयपी, म्हणजे बौद्धिक संपदा, सेलमध्ये इन्व्हेन्शन डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे शोधाची माहिती संस्थेला कळवणारा अर्ज, भरा. भारतात आणि अमेरिकेत पेटंटचा तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल, अर्ज करता येतो. तो दाखल झाला की तारीख तुमची झाली. पूर्ण अर्जाला आणि परदेशातल्या अर्जांना तिथून १२ महिने मिळतात. मात्र तात्पुरता म्हणून दोन पानांत उरकू नका. त्या कागदात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख लागू होत नाही. आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: भारतात राहणाऱ्याने पहिला अर्ज थेट परदेशात करायचा असेल तर आधी भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी लागते. सहसंशोधक परदेशी विद्यापीठात असला की ही अट हमखास विसरली जाते.

त्या विद्यार्थिनीचं नशीब थोडं जोरावर होतं. लेपाचे घटक पोस्टरवर होते, पण नळी न वितळता तो कमी तापमानाला पक्का कसा करायचा, ही कृती पोस्टरवर मावली नव्हती म्हणून गाळली होती. पेटंटचा अर्ज त्या कृतीवर झाला.

पायरी २: हा शोध नक्की कुणाचा?

"अर्थात माझा" असं वाटतं. बहुतेक देशांत तो कायद्याने किंवा करारानुसार संस्थेचा असतो. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवू दिली. त्याआधी सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंटं पडून होती आणि त्यातल्या ५ टक्क्यांहूनही कमी पेटंटांचे परवाने कुणी घेतले होते. जर्मनीत प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचाच, अशी जुनी सवलत होती. ती २००२ मध्ये गेली. स्वीडनमध्ये ती अजून आहे. भारतात बे-डोलच्या धर्तीवर २००८ मध्ये विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे इथे अनुदान देणाऱ्या खात्याच्या अटी आणि तुमच्या संस्थेचं आयपी धोरण, हे दोन कागद काढून वाचावेच लागतात.

वाचताना विशेषतः हे बघा: कुठल्या कंपनीचा पैसा या कामात आला होता का, बाहेरून मागवलेल्या पेशी, रसायनं किंवा डेटा यांच्या करारात शोधावर हक्क सांगितलाय का, आणि उन्हाळ्यात दोन महिने येऊन गेलेल्या इंटर्नने काही मूळ कल्पना दिली होती का. शोधकर्त्यांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव मान म्हणून घालू नका. पेपरावर ते चालून जातं. पेटंटवर चुकीचं नाव किंवा गाळलेलं नाव पुढे कोर्टात अंगाशी येऊ शकतं.

पायरी ३: प्रयोगशाळेबाहेर पडा

हीच पायरी लोक टाळतात आणि अर्ज बहुतांशी इथेच पडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कोर नावाचा कार्यक्रम सुरू केला. स्टीव्ह ब्लँक स्टॅनफर्डमध्ये उद्योजकतेचा जो अभ्यासक्रम शिकवत होते, त्यावर तो बेतला होता. तिघांची टीम असते: कंपनीची धुरा घेऊ पाहणारा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतर प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक), तंत्र जाणणारा प्राध्यापक आणि उद्योगातला एक मार्गदर्शक. सात आठवड्यांत किमान १०० संभाव्य ग्राहकांना भेटायचं. त्यासाठी ५० हजार डॉलर मिळतात, आणि गंमत म्हणजे ते उपकरणांसाठी नसतात. प्रवास करा, लोकांना भेटा, यासाठीच असतात. ब्रिटनच्या आयक्युअर कार्यक्रमात तरुण संशोधकाला काही महिने प्रयोगशाळेच्या कामातून मोकळं करून बाजाराकडे धाडतात. भारतात आयआयटी मद्रासच्या गोपालकृष्णन-देशपांडे केंद्राने आय-कोरच्याच धर्तीवर आय-एनक्युबेट चालवला, आणि त्यात इतर संस्थांच्या टीमही जातात.

असा कार्यक्रम तुमच्या आवाक्यात नसला तरी पद्धत उचलायला कुणाची मंजुरी लागत नाही. नियम दोनच. आपलं उत्पादन दाखवायचं नाही, आणि "हे मिळालं तर वापराल का?" असं विचारायचं नाही. समोरचा भला माणूस असतो, तो "हो" म्हणतो. त्या "हो"ची किंमत शून्य. विचारायचं ते असं: "गेल्या वेळी ही अडचण आली तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला? पैसे कुणाच्या खात्यातून गेले?"

कॅथेटरवाल्या टीमने आधी डॉक्टरांना गाठलं. सगळे खूश. "संसर्ग ही मोठी डोकेदुखी आहे, लवकर आणा." टीम आनंदात परतली. मी म्हटलं, आता नळ्या विकत कोण घेतं त्याला भेटा. तो निघाला रुग्णालयाच्या भांडार विभागातला अधिकारी. त्याने दरकराराची फाइल उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं: नगाचा दर. मानकात बसणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याची नळी. संसर्ग झाल्यावर लागणारी अँटिबायोटिकं वेगळ्या शीर्षाखाली, रुग्णाचे वाढीव दिवस आणखी तिसरीकडे. "डॉक्टरसाहेबांचं पत्र आणा, मी लावतो फाइलला," तो म्हणाला, "पण मला आकडा याच रकान्यात भरायचाय." तिप्पट दराची नळी त्या रकान्यात बसत नव्हती, आणि लेप कितीही गुणी असला तरी बसणार नव्हती.

वीसेक भेटींनंतर एका घरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सने वेगळीच वाट दाखवली. मणक्याला इजा झालेले रुग्ण महिनोन् महिने घरी कॅथेटरवर असतात. तिथे नळी बदलणं हाच मोठा सोहळा: सुट्टी घ्यायची, माणूस बोलवायचा, कधीकधी रुग्णाला उचलून न्यायचं. तिथला खरेदीदार नगाचा दर बघत नाही, महिन्यातून किती वेळा बदलावी लागते ते बघतो. लेप तोच राहिला, फक्त ग्राहक बदलला. पुढच्या चाचण्याही बदलल्या. आता "जंतू किती टक्के कमी झाले" यापेक्षा "नळी किती दिवस टिकली" हे मोजायचं होतं.

हे दोन संवाद अर्जात आले नसते, तर तो अर्ज कुठल्याही समितीपुढे टिकला नसता.

पायरी ४: छोटा पैसा, एका प्रश्नासाठी

योजनांच्या कागदांत टीआरएल हा शब्द सतत भेटतो. तंत्रज्ञान कितपत तयार आहे, याची ही १ ते ९ अशी पट्टी आहे. ती नासात जन्मली आणि आता सगळीकडे वापरतात. १ म्हणजे मूलतत्त्व कळलं, ३-४ म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालं, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात चालतंय. विद्यापीठातलं काम साधारण ३ वर थांबतं. त्यापुढे संशोधनाचं अनुदान मिळत नाही, कारण नवं ज्ञान निघत नाही. गुंतवणूकदारही येत नाही, कारण धोका फार. याच फटीसाठी प्रूफ-ऑफ-कॉन्सेप्टच्या, म्हणजे कल्पना प्रत्यक्षात चालते हे दाखवण्यासाठीच्या, योजना आहेत.

युरोपियन रिसर्च कौन्सिल २०११ पासून दीड लाख युरोचं असं अनुदान देते, पण ते फक्त ज्यांना कौन्सिलचं मोठं संशोधन अनुदान आधी मिळालंय त्यांनाच. जर्मनीची एक्झिस्ट शिष्यवृत्ती माणसाच्या पोटापाण्याची सोय बघते: पीएचडी झालेल्या संस्थापकाला महिना ३,००० युरो, वर्षभर. अर्ज विद्यापीठाने करायचा असतो, त्यामुळे विद्यापीठाला तुमच्यामागे उभं राहावं लागतं. भारतात निधी-प्रयास या सरकारी योजनेतून प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, १० लाख रुपयांपर्यंत मिळतात. जैवतंत्रज्ञान, औषधं, वैद्यकीय उपकरणं, शेती या क्षेत्रांत बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान आहे: १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. त्याचे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला खुले होत आले आहेत. हे पैसे थेट दिल्लीहून येत नाहीत, नेमलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांमार्फत, येतात. म्हणून अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात इन्क्युबेटर शोधण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी जाऊन ओळख करून घ्या. तिथली माणसं पहिला मसुदा वाचून देतात, आणि त्यांचे शेरे सोन्याच्या मोलाचे असतात.

इथे एक सापळा सांगून ठेवतो. योजना एकमेकींना अडवतात. भारताच्या २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाचा नियम घ्या. कंपनी नोंदून दोन वर्षांहून जास्त झालेली नसावी, आणि इतर सरकारी योजनांतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत आधी घेतलेली नसावी. म्हणजे ५० लाखांचं बिग आधी घेतलंत, तर हा दरवाजा बंद. अर्ज करण्याआधी हव्या त्या सगळ्या योजनांच्या पात्रतेच्या अटी एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मग क्रम ठरवा. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. तो न केल्यामुळे दोन चांगल्या टीम अडकलेल्या मी पाहिल्यात.

पायरी ५: कंपनी नोंदवायची घाई नको

कंपनी नोंदवणं सोपं आहे, म्हणून ते आधी केलं जातं. पण नोंदणीच्या तारखेपासून वयाच्या अटींचं घड्याळ सुरू होतं, आणि महसूल शून्य असला तरी लेखापरीक्षण, विवरणपत्रं, सीएची फी चुकत नाही. ज्या योजनेला कंपनीच लागते तिचा अर्ज नजरेच्या टप्प्यात आला की नोंदवा.

कंपनी झाली तरी शोध संस्थेचाच असतो. कंपनी त्याचा परवाना घेते. नव्या कंपनीकडे रोख नसते, म्हणून बऱ्याच संस्था सुरुवातीच्या रकमेऐवजी थोडे शेअर घेतात. गूगलच्या मूळ शोधाचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं. परवान्याच्या बदल्यात मिळालेले शेअर विद्यापीठाने विकले, त्यातून सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर आले. असं क्वचितच होतं, त्यामुळे तुमच्या टीटीओने ते उदाहरण काढलं तर हसून सोडून द्या. भारताच्या शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात संस्थेचा वाटा २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान सुचवलाय. संस्था याहून बराच जास्त मागत असेल, तर हा कागद समोर ठेवून शांतपणे बोला. पुढचा गुंतवणूकदार शेअरहोल्डरांची यादी आधी बघतो. त्यात काहीही न करणाऱ्याचा मोठा वाटा दिसला की तो मागे सरतो.

प्राध्यापकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. सीईओ होऊ नका. शिकवणं, विद्यार्थी आणि कंपनी तिन्ही नीट चालवणारा माणूस मला अजून भेटायचाय. ज्या टीम पुढे गेल्या त्यांच्यात बहुधा एखादा पोस्टडॉक पूर्णवेळ कंपनीत उतरला आणि सर सल्लागार राहिले. हितसंबंधांचं निवेदन पहिल्याच दिवशी लेखी द्या. स्वतःच्याच विद्यार्थ्याला एकाच वेळी प्रबंध आणि कंपनीचं काम देणं, विभागाच्या पैशाने स्वतःच्याच कंपनीकडून खरेदी करणं, संस्थेची उपकरणं भाडं न देता वापरणं, या तीन गोष्टींवरून सगळ्यात जास्त चौकश्या लागतात.

पायरी ६: मोठा पैसा

या टप्प्यावरचा जुना आणि इतर देशांनी नक्कल केलेला कार्यक्रम म्हणजे अमेरिकेचा एसबीआयआर, छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारा. १९८२ च्या कायद्याने मोठं संशोधन बजेट असलेल्या केंद्रीय संस्थांना त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखावा लागला. पुढे तो ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. सरकार त्या बदल्यात शेअर मागत नाही. त्यात मुख्य संशोधकाची मुख्य नोकरी कंपनीतच असावी लागते, आणि प्राध्यापक तिथेच अडखळतात. त्यांच्यासाठी १९९२ चा एसटीटीआर हा जोडकार्यक्रम आहे. त्यात किमान ४० टक्के काम कंपनीने आणि किमान ३० टक्के विद्यापीठासारख्या संस्थेने करायचं असतं, आणि मुख्य संशोधक विद्यापीठातला चालू शकतो.

एवढा जुना कार्यक्रमही वेळेत नूतनीकरण न झाल्याने ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपून थांबला. ज्यांचा सगळा हिशेब पुढच्या फेरीवर होता, त्यांच्याकडे पगाराचे पैसे नव्हते. म्हणून अर्ज लिहितानाच "हे सहा महिने उशिरा आलं तर काय?" याचं उत्तर तयार ठेवा. युरोपात ईआयसी (युरोपियन इनोव्हेशन कौन्सिल) ट्रान्झिशन या योजनेतून २५ लाख युरोपर्यंत मिळू शकतात. भारतात २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटी रुपयांचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) निधी टीआरएल ४ आणि त्यापुढच्या कामासाठी आहे, पण तो मुख्यतः दीर्घ मुदतीचं कमी व्याजाचं कर्ज आणि भांडवल या रूपात आहे. अनुदान आणि कर्ज यांतला फरक माहितीपत्रकात लहान अक्षरात असतो. तो आधी शोधा.

अर्ज लिहिताना आणि पैसे आल्यावर

समिती दिवसाला ढीगभर अर्ज वाचते. "आम्ही लेपाची कार्यक्षमता वाढवू" हे वाक्य कुणालाच आठवत नाही. "सहाव्या महिन्याअखेर लेप लावलेल्या ३० नळ्या कृत्रिम लघवीत २८ दिवस ठेवू; २४ हून कमी नळ्या मोकळ्या राहिल्या तर हा लेप सोडून दुसऱ्याकडे वळू" हे आठवतं. अपयशाची रेघ तुम्ही स्वतःच आखलीत की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. बाजाराच्या परिच्छेदात "जागतिक बाजारपेठ इतक्या अब्जांची" असली आयती वाक्यं नकोत. त्या भांडार अधिकाऱ्याचा रकाना आणि त्या नर्सची सुट्टी लिहा.

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले, असं समजू नका. करार, वेगळं बँक खातं, मग पहिला हप्ता. टप्पा पुरा झाल्याचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर दुसरा. कॅथेटरच्या टीमने यंत्राच्या शीर्षातले, म्हणजे यंत्रखरेदीसाठी मंजूर झालेले, पैसे अडचणीच्या महिन्यात पगाराकडे वळवले. वाईट हेतू नव्हता, पण लेखी परवानगीही नव्हती. दुसरा हप्ता त्या खुलाशापायी पाच महिने लटकला. तेव्हापासून मी प्रत्येक टीमला पहिला हप्ता जमा व्हायच्या दिवशीच शीर्षनिहाय वही घालायला लावतो आणि महिनाअखेरीला ती आणून दाखवायला सांगतो. कुरकुरतात, पण आणतात.